फ्लॅप थांबत नाही म्हणून मोठा शॉकअप घेऊ का?

परभणीहून एका भावाने विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा: छोट्या हत्तीवर नाष्ट्याची गाडी बांधून घेतली. बाजूचा फ्लॅप सात फूट लांब, तीन फूट उंच. बिजागऱ्या वर, त्यामुळे उघडला की गिऱ्हाइकाच्या डोक्यावर छत होतं. फॅब्रिकेटरने भंगारातल्या एका कारच्या डिक्कीचे दोन शॉकअप काढून लावले, त्यांवर ४५० एन असं छापलेलं आहे. मे महिन्यात गाडी सुरू केली तेव्हा फ्लॅप जागेवर राहायचा. डिसेंबर लागल्यापासून पहाटे उघडला की थोड्या वेळात हळूहळू खाली येतो, आणि अकराच्या पुढे ऊन तापलं की परत नीट थांबतो. एक जण म्हणतो गॅस भरून घ्या, दुकानदार म्हणतो ८०० चे टाका. शिवाय त्यांना फ्लॅपच्या पुढच्या कडेला एलईडीचा बोर्ड लावायचा आहे. फोटोही दिले आहेत.

दादा, गॅस भरायच्या नादी लागू नका आणि ८०० चे शॉकअपही घेऊ नका. तुम्हाला बहुधा ३०० चे लागतील. आत्ता ४५० चा धरत नाही आणि मी ३०० चा सांगतोय, हे उलटं वाटेल. पण तुमची अडचण शॉकअपच्या ताकदीची कमी आणि तो कुठे बसवलाय याची जास्त आहे. मी आधी वाळूजला टूल रूममध्ये होतो, आता गाड्यांच्या बॉडी, कॅनोपी, फूड व्हॅन अशी कामं करतो. दुकानात येणाऱ्या दहांतल्या आठ तक्रारींचं मूळ इथेच निघतं.

आधी ही वस्तू आतून कशी असते ते बघा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. तुम्ही शॉकअप म्हणता, फर्निचरवाले हायड्रॉलिक म्हणतात, दुकानात गॅस स्प्रिंग म्हणून मागा. बंद नळी, आत पिस्टन, त्याला जोडलेला चकचकीत रॉड, आणि नळीत कोंबून भरलेला नायट्रोजन. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबला की तो उसळून मागे येतो, मूळ तत्त्व तेवढंच. पण पुढे एक गंमत आहे. या पिस्टनला बारीक भोक असतं. म्हणजे गॅस पिस्टनच्या दोन्ही बाजूंना जातो आणि दाब दोन्हीकडे सारखाच राहतो. मग रॉड बाहेर का ढकलला जातो? कारण एका बाजूने दाब पिस्टनच्या पूर्ण तोंडावर पडतो, आणि दुसऱ्या बाजूने मधली जागा रॉडने अडवलेली असल्यामुळे फक्त भोवतीच्या कड्यावर. दोन्हींची वजाबाकी केली की उरतो तो रॉडच्या तोंडाएवढा भाग. म्हणून जोर ठरतो दोनच गोष्टींवर: आतला दाब आणि रॉडची जाडी. बाहेरून नळी जाडजूड दिसते म्हणून माल दमदार, असं काही नसतं.

आता आकडे घाला. डिक्कीच्या शॉकअपचा रॉड बहुतेक ८ मिमीचा असतो, म्हणजे त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा जागेतून ४५० न्यूटन, म्हणजे ४६ किलोचा जोर काढायचा तर आत जवळपास ९० बार दाब लागतो. कारच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार असतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारपर्यंत जातो. पेट्रोल पंपावर टायरमध्ये भरतात तो नायट्रोजनही टायरपुरत्याच दाबाचा. तेव्हा ‘भरून घ्या’ म्हणणाऱ्याला आधी विचारा की नव्वद बार कुठून आणणार.

शिवाय तुमच्या शॉकअपला भरायची जागाच नाही. नळीचं तोंड कारखान्यात दाबून कायमचं बंद केलेलं असतं. काही ठिकाणी नळीला भोक पाडून, वर व्हॉल्व्ह वेल्ड करून गॅस भरून देतात असं ऐकतो. तसला माल मी दुकानात ठेवूनही घेत नाही. वेल्डिंगच्या आचेने सील, म्हणजे रॉडभोवती गॅस अडवणारं कडं, आधीच भाजलेलं असतं, आणि तुमची गिऱ्हाइकं त्या नळीच्या हातभर अंतरावर उभी राहून पोहे खाणार आहेत. भरता येणारे गॅस स्प्रिंग असतात, नाही असं नाही, पण ते वेगळे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या मागोमाग प्रेस शॉप, टूल रूम उभ्या राहिल्या. तिथल्या डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, पत्रा धरून ठेवायला आखूड, बुटक्या नायट्रोजन स्प्रिंग वापरतात. मुठीएवढ्या स्प्रिंगचा जोर टनात मोजावा लागतो. त्यात १५० बारपर्यंत दाब असतो, आणि त्यांना मुळातच व्हॉल्व्ह दिलेला असतो. सील बदलायचं किट मिळतं, नायट्रोजनच्या सिलिंडरवर रेग्युलेटर आणि गेज लावून माहीतगार माणूस त्या भरतो. डिक्कीचा शॉकअप मात्र संपला की संपला.

नायट्रोजनच का, हेही विचारतात लोक. तो पेट घेत नाही, आतल्या तेलाशी त्याची काही भानगड होत नाही, ओल धरून गंज आणत नाही. ऑक्सिजन भरला आणि त्याला दाबाखाली तेल भेटलं तर भडका उडेल. म्हणून वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन ‘गॅस तर गॅस’ म्हणून भरायचा विचारही कुणी करू नये.

आत थोडंसं तेलही असतं. त्याची कामं दोन: सील ओलं ठेवणं आणि उघडताना शेवटच्या टप्प्यात वेग मोडणं. पिस्टन गॅसमधून झपाट्याने येतो आणि शेवटी तेलात शिरला की दमाने थांबतो. कारची डिक्की उघडताना अखेरीस कशी हळू होते, ते यामुळेच. पण तेल आपलं खालीच साठणार. म्हणून रॉड खाली आणि नळी वर, हाच बसवायचा नियम. दुकानात ठेवतानाही तसाच उभा ठेवतात. तुमच्या फोटोत उलट आहे: नळी गाडीच्या चौकटीला खाली, रॉड वर फ्लॅपला. त्यामुळे सील कायम कोरडं राहतं आणि गॅस लवकर झिरपतो. फ्लॅप उघडून शेवटी धाडकन आदळत असेल तर त्याचंही कारण हेच. आदळतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण आदळत असणार.

आता थंडीचं. बंद नळीतल्या गॅसचा दाब तापमानाबरोबर वरखाली होतो, साधारण दर अंशाला एक तृतीयांश टक्का. शॉकअपवर छापलेला आकडा २० अंशांचा असतो. मे महिन्यात ४२ अंशांना तुमचा ४५० चा शॉकअप ४८० च्या वर गेलेला असतो. डिसेंबरात पहाटे पारा दहाला आला की तोच ४३५ वर येतो, आणि परभणीची थंडी दहावर थांबत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन शॉकअप मिळून मे आणि डिसेंबरमध्ये जवळजवळ दहा किलोचा फरक पडला. गॅस गळाला असता तर फ्लॅप दुपारीही खाली आला असता. पहाटे उतरतो आणि ऊन लागलं की थांबतो, याचा अर्थ तुमचं गणित पहिल्या दिवसापासून काठावर होतं. मेच्या उन्हाने ते झाकलं, डिसेंबरने उघडं केलं. आता मार्चमध्ये फ्लॅप पुन्हा नीट चालायला लागेल आणि तुम्ही हा विषय विसराल. तसं करू नका. शॉकअप थोडा थोडा गॅस सोडत असतोच, पुढच्या हिवाळ्यात तो हळूहळू न येता एकदम येईल.

काठावर कसं होतं, ते मोजून बघू. माझ्यासमोर गाडी नाही, म्हणून फ्लॅपचं वजन मी तुम्ही लिहिलेलं २४ किलो धरतो. पण तुम्ही ते फॅब्रिकेटरच्या तोंडी सांगण्यावरून लिहिलं असेल तर एकदा स्वतः मोजा. अख्खा फ्लॅप काढायची गरज नाही. हुकाचा डिजिटल काटा घ्या, भाजीवाल्याकडे किंवा कुरिअरवाल्याकडे मिळेल. खालून दोन भक्कम टेकू लावून मगच शॉकअप सोडवा. मग फ्लॅप आडवा धरून पुढच्या कडेच्या बरोबर मध्याला काटा अडकवा आणि टेकूवरून केसभर उचला. काट्यावर साधारण १२ किलो दिसले पाहिजेत. अर्धं वजन बिजागरी घेते, अर्धं कडेला येतं. या मोजणीचा फायदा असा की पत्रा कुठे जाड, पाइप कुठे जास्त, ट्यूबलाइट कुठे बसवली, हा सगळा हिशोब त्या एका आकड्यात येऊन जातो. वजनाचा मध्य शोधत बसायला नको.

कडेचे १२ किलो गुणिले फ्लॅपची तीन फूट उंची, म्हणजे ९१ सेंटिमीटर. आले १०९२. हे झालं वजनाच्या बाजूचं पारडं. दुसऱ्या बाजूला दोन शॉकअपचा जोर गुणिले त्यांचं बिजागरीपासूनचं अंतर. हे अंतर मोजताना हमखास गडबड होते. ब्रॅकेट बिजागरीपासून किती लांब आहे ते मोजायचं नाही. फ्लॅप पूर्ण उघडा ठेवून शॉकअपच्या रेषेत, दोन्ही टोकांच्या बॉल जॉइंटच्या मधून, एक सुतळी ताणायची. मग गुण्या लावून बिजागरीच्या पिनेपासून त्या सुतळीपर्यंतचं काटकोनातलं अंतर घ्यायचं. शाळेतली तरफ आठवा, तोच तरफेचा हात. तुमच्या फोटोत फ्लॅपवरचं ब्रॅकेट बिजागरीपासून १३ सेंटिमीटरवर आहे आणि शॉकअप तिरका आहे, म्हणजे खरा हात १२ च्या आसपास भरेल. १०९२ भागिले १२, आले ९१ किलो. दोघांत वाटले तर प्रत्येकी साडेपंचेचाळीस किलो, म्हणजे ४५० न्यूटनला थोडे कमी. तुमचा शॉकअप ४५० चाच आणि तोही वापरलेला. सील आणि बिजागरीच्या घर्षणावर तो इतके दिवस तगला. तुमच्या फॅब्रिकेटरला मी फार दोष देत नाही. डिक्कीच्या शॉकअपचा स्ट्रोक, म्हणजे रॉड आतबाहेर सरकतो ते अंतर, आखूड असतो, तो लांब बसवायला गेलं तर फ्लॅप अर्धाच उघडतो. हाताशी जो माल होता त्यात त्याला तेवढीच जागा सापडली.

उपाय सरळ आहे. हात वाढवा, जोर कमी लागेल. फ्लॅपवरचं ब्रॅकेट बिजागरीपासून २५ सेंटिमीटरवर घ्या आणि गाडीच्या चौकटीवरचं बिजागरीच्या सरळ खाली ६५ सेंटिमीटरवर. फ्लॅप आडवा असताना दोन बॉलमधलं अंतर साधारण ७० सेंटिमीटर येतं, बंद असताना ४०. म्हणजे ३० सेंटिमीटर स्ट्रोकचा आणि उघडल्यावर ७० सेंटिमीटर लांबीचा शॉकअप पाहिजे. हा मेळ बसणं महत्त्वाचं. रॉड नळीत मावायचा असतो, म्हणून पूर्ण लांबी ही स्ट्रोकच्या दुपटीहून दहाएक सेंटिमीटर जास्त असावीच लागते. कुणी ५० सेंटिमीटर लांबीत ३० चा स्ट्रोक मागितला तर तसा शॉकअप बनूच शकत नाही. या जागी सुतळीने मोजलं तर हात २३ सेंटिमीटर भरतो. १०९२ भागिले २३, म्हणजे साडेसत्तेचाळीस किलो. प्रत्येकी पावणेचोवीस, म्हणजे २३५ न्यूटनच्या घरात. त्यावर थंडी, म्हातारपण आणि वाऱ्यासाठी वीस-पंचवीस टक्के चढवा, बाजारात मिळणारा नंबर येतो ३००. १० मिमी रॉडचा घ्या. तेवढ्या जाड रॉडला ३०० न्यूटनसाठी ४० बारही लागत नाहीत, सीलवर ताण कमी पडतो आणि एवढा लांब रॉड वाकायची भीतीही कमी.

बोर्डाचं वेगळं गणित. कडेला टांगलेला तीन किलोचा बोर्ड तुमच्या काट्यावरही पूर्ण तीन किलोच दाखवेल, अर्धा नाही, कारण तो बिजागरीपासून सगळ्यांत लांब आहे. १२ चे १५ झाले. मग ३०० च्या जागी ३५० घ्यावे लागतील. माझं मत विचाराल तर बोर्ड गाडीच्या टपावर लावा. लांबून दिसतो जास्त, आणि वायर फ्लॅपबरोबर रोज वाकून तुटत नाही.

८०० चे का नकोत? धरतील ते, वादच नाही. पण बंद अवस्थेत काय होतं बघा. गॅस स्प्रिंग दाबली की तिचा जोर वाढतो, पूर्ण दाबलेली स्प्रिंग छापील आकड्याच्या सव्वा ते दीडपट ढकलते. म्हणजे ८०० चा शॉकअप बंद फ्लॅपमध्ये हजाराच्या पुढे, दोन मिळून दोनशे किलोहून जास्त. आणि तुमच्यासारख्या बसवणीत फ्लॅप बंद असताना शॉकअपची रेषा थेट बिजागरीतून जाते. तो सगळा भार फ्लॅप उघडायला कामी येत नाही, बिजागरीच्या पिनांवर बसून राहतो. गाडी उभी असो की खड्ड्यांतून धावत असो, रात्रंदिवस. सहा महिन्यांत पिना ढिल्या होतील आणि ब्रॅकेटपाशी पत्रा फाटेल, मग तुम्ही म्हणाल शॉकअप खराब निघाला. ३०० च्या जोडीत हाच भार ऐंशी किलोच्या आसपास राहतो. रात्री गाडी बंद करताना फ्लॅप ओढायलाही त्रास नाही, अर्ध्या वाटेवर कडेला नऊ-दहा किलोची ओढ लागेल. एक पट्टा बांधून ठेवला की घरातलं कुणीही ओढेल.

दुकानात जाताना एवढं लिहून न्या: रॉड १० मिमी, स्ट्रोक ३००, बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंत उघडी लांबी ७००, जोर ३०० न्यूटन, दोन्ही टोकांना एम ८ चे बॉल जॉइंट. ‘अमुक गाडीच्या डिक्कीचा द्या’ असं मागितलंत की पुन्हा तिथेच याल. तिथे आणखी प्रकार मांडलेले दिसतील, त्यांतला फरक माहीत असलेला बरा. तुम्हाला पाहिजे तो ढकलणारा, सगळ्यांत साधा. ट्रॅव्हल्सच्या बसला खाली सामानाच्या डिकीची झाकणं असतात, हार्वेस्टरच्या बाजूचे पत्रे, जनरेटरची कॅनोपी, स्वयंपाकघरातली वर उघडणारी कपाटं, हायड्रॉलिक बेड, सगळीकडे हाच, फक्त माप आणि जोर वेगळा. याच्या उलटा, आत ओढणारा प्रकार असतो. ढकलायला खाली जागा नसते तिथे, मशीनच्या गार्डला वगैरे, तो लावतात. दिसायला जवळपास सारखा असतो म्हणून सांगतो, चुकून घेऊ नका. तिसरा, कुठेही थांबणारा. ऑफिसच्या खुर्चीत तो असतो. खालची दांडी उचलली की वरची पिन दाबली जाते, पिस्टनमधला व्हॉल्व्ह उघडतो आणि खुर्ची वरखाली होते. दांडी सोडली की व्हॉल्व्ह बंद, दोन्ही बाजूंचा गॅस आपापल्या जागी अडकतो. म्हणून खुर्ची बसल्यावर किंचित लवते. दवाखान्यातल्या पलंगाची पाठ अशी लवून चालत नाही, तिथे व्हॉल्व्हच्या बाजूला तेल भरलेले येतात, ते घट्ट थांबतात. आणि कपाटाचं दार आपटू नये म्हणून लावतात तो बारका डॅम्पर मुळात गॅस स्प्रिंग नाही, तो वेग कमी करतो, वजन उचलत नाही.

बरेच जण विचारतात, पल्सरच्या मागच्या शॉकअपला डबी असते, ‘नायट्रॉक्स’ लिहिलेलं, तेही हेच का? नाही. तिथे वजन बाहेरची वेटोळी स्प्रिंगच उचलते. नायट्रोजन फक्त तेलाला दाबाखाली ठेवून फेस होऊ देत नाही.

तुमच्या कामाचा एक प्रकार मात्र मुद्दाम मागून बघा. काही शॉकअपवर एक पत्र्याची बाही असते. पूर्ण उघडला की ती सरकून रॉडच्या बाजूने अडसरासारखी बसते. गॅस संपला तरी फ्लॅप खाली येत नाही, बंद करताना ती बाही हाताने दाबून सोडवावी लागते. सार्वजनिक जागेत डोक्यावर येणाऱ्या झाकणाला मी हाच सुचवतो. नाही मिळाला तर पाऊण इंची पाइपचा टेकू बिजागरी लावून फ्लॅपच्या आत बसवून घ्या, उघडला की खाली पाडून कडीत अडकवायचा. कोणताही गॅस स्प्रिंग, कितीही चांगल्या कंपनीचा, एक ना एक दिवस गॅस सोडणारच आहे. तो उचलायला मदत करतो. माणसं खाली उभी असताना धरून ठेवायचं काम लोखंडाचं.

उलट बाजूही सांभाळा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वावटळ सुटते, अवकाळीचा वारा फ्लॅपच्या खाली घुसतो आणि त्याला वर उचलतो. शॉकअप ढकलायला केलेला आहे, ताणून धरायला नाही. असा झटका बसला की बॉलची क्लिप निसटते किंवा सीलची जागाच हलते. म्हणून दोन्ही टोकांना साखळी लावा आणि फ्लॅप तिच्यावर ताठ थांबू द्या, शॉकअपचा स्ट्रोक तेव्हा पाच-सात मिलिमीटर शिल्लक असावा. साखळीची लांबी अशी ठेवा की फ्लॅप पूर्ण आडवा न होता थोडा पुढे उतरता राहील. तुमच्या फोटोत कडेला पत्रा दुमडून वर ओठ काढलेला दिसतो. आडव्या फ्लॅपवर त्या ओठामागे पाणी तुंबलं तर सात बाय तीन फुटांत एक सेंटिमीटर पाण्याचे जवळपास साडेएकोणीस किलो होतात. ओठाला दोन ठिकाणी ग्राइंडरने खाचा मारून द्या, पाणी वाहून जाईल.

बसवताना ब्रॅकेट नुसत्या पत्र्यावर नको, आतल्या चौकोनी पाइपवर, खाली तीन मिलिमीटरची पट्टी देऊन. दोन्ही बॉल एका सरळ रेषेत आले पाहिजेत. शॉकअप आडवा तिरपा झाला की रॉड सीलला एका बाजूने घासतो. वेल्डिंग संपवून, रंग वाळवून मगच शॉकअप चढवा. वेल्डिंगचा एक थेंब चकचकीत रॉडवर चिकटला की पुढच्या प्रत्येक उघडझापीला तो सील कापत जातो. रॉडला पकड लावून फिरवणारे, वर ‘गंज नको’ म्हणून रंग मारणारे, ग्रीस चोपडणारे खूप बघितले. ग्रीसवर आपल्याकडची काळी धूळ बसली की तिचा पॉलिश पेपरसारखा लेप होतो. सुक्या फडक्याने पुसायचं, दुसरं काही नाही. रॉड जिथून नळीत शिरतो तिथे तेलकट, धुळीने माखलेलं कडं दिसलं तर समजा, सील सुटायला लागलंय.

नवे आणल्यावर, किंवा जुन्यांत किती जीव उरलाय ते बघायचं असेल तर घरचा वजनकाटा पुरतो. काट्यावर लाकडाचा तुकडा ठेवा, शॉकअप रॉड खाली करून अगदी सरळ उभा धरा आणि वरून अंगाच्या वजनाने दाबा. रॉड थोडा आत गेला की मग हळूहळू जोर सोडा आणि रॉड परत बाहेर येताना काटा वाचा. दाबतानाचा आकडा घर्षणामुळे जास्त येतो, त्यावर जाऊ नका. ३०० चा नवा शॉकअप तीस किलोच्या आसपास दाखवेल. दोन शॉकअपमध्ये फार तफावत दिसली तर दुकानदाराला परत करा, नाहीतर फ्लॅप पिळला जातो. बदलायचे तेव्हाही जोडीनेच बदला.

राहिले जुने दोन. त्यांत अजून ऐंशी-नव्वद बार दाब आहे, फ्लॅप धरत नाही म्हणजे ते रिकामे झाले असं नाही. पोरांना ‘उघडून बघा’ म्हणून देऊ नका, ग्राइंडर लावू नका, भोक पाडू नका, जाळात टाकू नका. भंगारवाल्याला द्यायचे तर तोंडी सांगून भागत नाही, कारण तो पुढे गॅस कटरवाल्याकडे जातो. नळीवर मार्करने मोठ्या अक्षरात ‘आत गॅस आहे, कापू नका’ लिहा आणि शक्यतो शॉकअपचं काम करणाऱ्या गॅरेजवाल्याच्याच हातात द्या.